नेवार्कला उतरलेल्यांना वाट दाखवताना

न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर मी दर मंगळवारी मदतनीस म्हणून उभी राहते. तुम्हालाही यायचं असेल तर अर्ज लवकर करा. पार्श्वभूमीची तपासणी आणि ओळखपत्र यांत बरेच दिवस जातात.

पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या. हात लांब करून नुसतं “तिकडे” म्हणू नका. दहा पावलं सोबत चाला, पाटी दिसेपर्यंत. एका वेळी एकच गोष्ट सांगा. रात्रभर जागलेल्या माणसाला तिसरं वाक्य ऐकूच येत नाही.

मुंबईहून आलेल्या आजी-आजोबांना आधी विचारा, “पुढे दुसरं विमान आहे का?” असेल तर अमेरिकेत पहिल्यांदा उतराल तिथेच बॅगा घेऊन कस्टम्समधून जायचं आणि त्या पुन्हा जमा करायच्या, हे समजावा. बॅगा थेट पोचतील असं वाटून पुष्कळ जण पट्ट्याकडे वळतच नाहीत.

मग फोन. एका आजींनी रुमालाच्या गाठीतून मुलाच्या नंबरची चिठ्ठी काढली. घामाने शेवटचा आकडा पुसट, एक की सात कळेना. दोन्ही लावून पाहिले. सातला मुलगा बोलला. तो दुसऱ्याच टर्मिनलवर थांबला होता! टर्मिनलांमधली एअरट्रेन फुकट आहे, हेही सांगून ठेवा.

कुणाचंही सामान सांभाळायला घेऊ नका, अगदी दोन मिनिटंसुद्धा. व्हीलचेअर हवी असेल तर एअरलाइनच्या माणसाला बोलवा आणि तो येईपर्यंत शेजारी थांबा.