गल्लीतला गणपती: मंडपाची परवानगी आणि आवाजाची तयारी

अर्ज भरण्याआधी टेप घेऊन रस्ता मोजा. रस्त्याची एकूण रुंदी, मंडप खाणार ती जागा आणि वाहनांसाठी उरणारी वाट हे तीन आकडे नकाशावर हवेतच. पाहणीत घोळ होतो तो बहुधा मुख्य मंडपामुळे नाही. नकाशात न दाखवलेली कमान, चपलांचा स्टँड, प्रसादाचं टेबल आणि मागे ठेवलेला जनरेटर यांनी तो होतो. मंडपांनी रस्ते आणि पदपथ अडवू नयेत याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१६चा निकाल आहे, त्यामुळे ‘दरवर्षी इथेच असतो’ हे लेखी उत्तर होऊ शकत नाही. गल्लीच्या वळणावर अग्निशमनाचा बंब वळेल का, हेही आत्ताच बघा. रिक्षा वळते म्हणून बंब वळेल असं नाही.

मंडपाची परवानगी महापालिकेची. त्यासाठी स्थानिक पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखेची ना-हरकत लागते. जागा सोसायटीची किंवा खासगी असेल तर लेखी संमती जोडा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खालची परवानगी काढा, तीही पावतीपुस्तकं छापायला टाकण्याआधी. गेल्या वर्षीच्या परवान्याची प्रत हाताशी ठेवा. अध्यक्ष बदलले असतील तर तसा ठराव सोबत लावा. नाव जुळलं नाही की अर्ज तिथेच रेंगाळतो.

एवढं झालं तरी स्पीकरची परवानगी मिळालेली नसते. ती वेगळी, पोलिसांकडून, लेखी घ्यायची. आणि खरी गल्लत पुढे, मर्यादेच्या आकड्यात आहे. ‘७५ डेसिबलपर्यंत चालतं’ असं सगळे म्हणतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर स्पीकरचा आवाज त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. निवासी भागाची दिवसाची पातळी ५५, म्हणजे तुमची मर्यादा ६५. व्यापारी भागात पातळी ६५ असल्याने तिथे ७५ बसतात. ऐकीव आकडा आला तो बहुधा तिथूनच. जवळ रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय असेल तर ती जागा शांतता क्षेत्रात येते का, हे पोलीस ठाण्यात आधीच विचारा.

आता साउंडवाल्याशी बोला, आणि वॅटमध्ये नको, डेसिबलमध्ये बोला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. हद्द स्पीकरपासून १० मीटरवर असेल आणि तिथे ६५ हवे असतील, तर स्पीकरपासून १ मीटरवर ८५च्या वर जाऊन चालणार नाही. दोन्ही बाजूंना इमारती असल्या की भिंतींवरून आवाज उलटतो, म्हणून ८० धरून चाला. अर्धे स्पीकर बंद केले तरी जेमतेम ३ डेसिबल कमी होतात. त्यापेक्षा छोटे स्पीकर जास्त ठिकाणी, कमी आवाजात, तोंडं मंडपाच्या आत आणि जरा खाली वळवून लावा.

सबवूफर मागवूच नका. आवाज मोजायचं यंत्र ‘ए’ मापावर चालतं आणि त्या मापात ६३ हर्ट्झचा बेस सुमारे २६ डेसिबलने कमी धरला जातो. यंत्रावर आकडा ठीक दिसतो आणि समोरच्या घरात खिडकीची तावदानं थरथरत असतात. तक्रार करणारा खोटं बोलत नसतो.

मूर्ती येण्याच्या आदल्या दिवशी हद्दीवर मोजून बघा. मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं ठीक, पुराव्यासाठी प्रमाणित यंत्रच भाड्याने घ्या. आधी स्पीकर बंद ठेवून रस्त्याचा आवाज नोंदवा, मग आरती लावून. आकडा जुळला की मिक्सरच्या मास्टरवर (एकूण आवाजाच्या बटणावर) त्या जागी चिकटपट्टी लावा आणि ती ओलांडायची नाही हे मिक्सरवर बसणाऱ्या पोरालाच सांगा, त्याच्या मालकाला सांगून भागत नाही. आरतीच्या वेळी आकडा चढतो तो माइक झांजेसमोर धरल्याने. माइक गाणाऱ्याच्या तोंडाशी, झांजा चार पावलं मागे.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना १२ वाजेपर्यंत सूट देता येते. आपले कोणते दिवस त्यात आहेत, ते त्या वर्षीच्या आदेशात पाहा आणि आदेशाची प्रत मंडपात ठेवा. शांतता क्षेत्राला ही सूट धरू नका. शेवटची आरती ९ला सुरू करा. साडेनऊला सुरू झालेली आरती मंत्रपुष्पांजलीपर्यंत १० ओलांडते.

विजेचं थोडक्यात: तात्पुरती जोडणी अधिकृत घ्या, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडा, अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच लावा. पावसात लोखंडी खांबांना वायर गुंडाळलेली दिसली तर लगेच उतरवा. जनरेटरचं धुराडं कोणाच्या खिडकीकडे नको.

लगतच्या इमारतींच्या फलकावर आवाजासाठी जबाबदार अशा एकाच माणसाचा नंबर लावा, आणि तो माणूस रात्री १०पर्यंत फोन उचलणारा हवा. नाहीतर लोक सरळ ११२ लावतात. विसर्जनानंतर खांबांचे खड्डे बुजवून त्यांचे तारखेसह फोटो काढा. अनामत मागताना वॉर्ड ऑफिसात तेच दाखवावे लागतात.