जैवविविधता नोंदवही: गावाचा सल्ला टिकेल अशी कशी लिहावी

जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 41 नुसार दर ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावच्या वनस्पती-प्राण्यांच्या वापराबद्दल निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने आणि नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाने या समितीशी सल्लामसलत करायची असते. म्हणजे समिती ही सरकारची सल्लागारच, आणि तिच्या सल्ल्याचा आधार म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी, बियाणं आणि त्यांविषयी लोकांना असलेली माहिती यांची वही.

आधी पंचायतीच्या कपाटातली जुनी वही काढा. राष्ट्रीय हरित लवादाने या वह्या पूर्ण करायला 31 जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर कामं घाईत उरकली गेली. सगळ्या पानांवर एकच तारीख आणि गावात कुणी न पाहिलेली झाडं असतील, तर त्या वहीला डागडुजी करत बसू नका. नवी घ्या.

अशा नोंदवहीची कल्पना रुजवणारे माधव गाडगीळ परिसरशास्त्रज्ञ. हार्वर्डहून पीएचडी करून आले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवलं आणि 1986 ते 1990 पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार परिषदेवर होते. त्यांची रीत कर्नाटकातल्या बांबूच्या अभ्यासात दिसते. रांजीच्या (बांबूच्या बेटाच्या) बुडाशी असलेली काटेरी जाळी साफ केली की बांबू जोमाने वाढतो, असा वनखात्याचा समज होता. गावकरी म्हणत, काटे काढले की कोवळे कोंब गुरं खातात. तपासल्यावर गावकऱ्यांचंच खरं निघालं. म्हणून वहीत दर नोंदीला तीन रकाने ठेवा: ऐकलेलं, पाहिलेलं, मोजलेलं. एकातलं दुसऱ्यात जाऊ देऊ नका.

बांबूपासूनच सुरुवात करा. 40 मीटर नायलॉन दोरी घ्या, दर 10 मीटरवर गाठ मारा, चारही गाठींशी खुंट्या ठोकून चौकोन ताणा. कर्ण 14 मीटर 14 सेंटिमीटर भरला की चौकोन बरोबर, नाहीतर खुंटी सरकवा. आत प्रत्येक रांजीतले यंदाचे वास्ते (कोंब), गेल्या वर्षीचे बांबू, जुने आणि वाळलेले वेगळे मोजा. खुडलेला किंवा चरलेला वास्ता सोडू नका, खरी बातमी त्यातच असते. ही मोजणी पावसाळा सरताना करा. उन्हाळ्यात नवे वास्ते फुटलेलेच नसतात. असे निदान पाच चौकोन हवेत. जागा डोळ्यांना बरी दिसली म्हणून निवडू नका, पायवाटेपासून 50 पावलं आत जाऊन जिथे थांबाल तिथेच दोरी ताणा. इतर झाडांचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर घ्या. शिंप्याची टेप पुरते.

मोहफूल, चारोळी, तेंदूपत्ता यांत चुका मापाच्या होतात. मोहफूल ओलं तोललं की वाळलेलं, हे लिहिलं नाही तर आकडा वाया. पायली, कुडो लिहायला हरकत नाही, पण त्याच मापात तोच माल भरून एकदा काट्यावर ठेवा आणि किलो शेजारी लिहा. धानाची पायली आणि तुरीची पायली वजनाला सारखी नसते. तेंदूचा पुडा आपल्याकडे महाराष्ट्रात 70 पानांचा, मध्य प्रदेशात 50 चा. तिकडच्या तक्त्यावरून उतरवलं की सगळा हिशोब चुकतो.

तलावाचं पान मासेमार ढिवरांसोबत काठावर बसून भरा, कचेरीत नको. मरळ, शिंगूर हे मासे कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात, पूर्वी कुठे मिळत आणि आता कुठे. बेशरमाची झुडपं पाण्यात किती पावलं शिरली, हेही. रानभाज्या बायांना विचारा. तरोटा कोवळा असतानाची आणि निबर झाल्यावरची ओळख त्यांना असते, गडीमाणसं बहुधा अंदाजे सांगतात.

बियाण्याचं पान दुर्लक्षू नका. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी धान तयार केलं, पण श्रेयासाठी त्यांना फार झगडावं लागलं. चिन्नोर, लुचई ही धानाची जुनी वाणं कुणाच्या घरी, किती वर्षांपासून, बी कुणाकडून आलं, ते नावानिशी लिहा.

वैदूंचं पान मात्र जपून. झाडाचं नाव आणि कुठला भाग वापरतात, एवढं पुरे. मात्रा आणि कृती त्यांनी स्वतः होकार दिला तरच. वही पुढे कुणाच्या हाती पडेल याची खात्री नसते.

नावं मराठी आणि गोंडी अशी दोन्ही लिहा. एकाच नावाची दोन झाडं निघतात, म्हणून फुला-फळासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवा. पावसाळ्यात पहिले पाच दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते.

शेवटी सगळी पानं ग्रामसभेत मोठ्याने वाचा. हरकत निघाली तर आधीची ओळ खोडू नका, तिच्याखाली तारखेसह लिहा. पुढे मंडळाकडून विचारणा आली की ठरावात प्रत्येक मुद्द्यापुढे वहीचा पान क्रमांक टाका, आणि जो मुद्दा फक्त ऐकलेल्या रकान्यात आहे त्यापुढे तसं स्पष्ट लिहा.