नाती पाठ करू नका, वारस लावा

डोक्याला चालना म्हणून घेतलेल्या सुडोकूचा मला तीन महिन्यांत कंटाळा आला. आकडा चुकला काय नि बरोबर आला काय, कुणाचं काही जात नाही. मी छत्तीस वर्षं तलाठी होतो, वाई तालुक्यात. आमच्या कोड्यात एक माणूस सुटला तर कुणाचे तरी दहा गुंठे जायचे. म्हणून चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पुन्हा वारस नोंदी घेऊन बसलोय, फक्त या वेळी जगभरच्या. मानववंशशास्त्रात याला नातेसंबंधांचा अभ्यास म्हणतात. त्याने विसरभोळेपणा लांबणीवर पडतो का, ते डॉक्टरांना विचारा. माझी दुपारची झोप मात्र उडाली, आणि रात्रीची लागायला लागली.

सामान थोडं लागतं. आडवी धरता येईल अशी मोठी वही, शिसपेन्सिल आणि चांगला खोडरबर. पेन नको. तलाठ्याला खाडाखोड चालत नाही, इथे अर्धा वेळ तीच करायची असते.

खुणा सोप्या आहेत. पुरुष त्रिकोण, बाई वर्तुळ. नवराबायकोच्या मध्ये बरोबरचं चिन्ह. भावंडांच्या डोक्यावरून आडवी रेघ, तिच्यावरून आईबापांकडे उभी. मेलेल्या माणसावर तिरकी काट. ज्याच्यापासून मोजायचं तो 'मी', तो काळा भरायचा. पुस्तकांत नात्यांना रोमन अक्षरं असतात. मी माझी केली: आ, बा, भा, ब, मु, ले, न, प. म्हणजे आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, लेक, नवरा, पत्नी. मामेबहीण झाली 'आ-भा-ले'. वाचताना मोठ्याने म्हणायचं, "आईच्या भावाची लेक." मनातल्या मनात म्हटलं की मधली एक पायरी हमखास गळते.

पहिला आठवडा घरातलीच एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या. खाली 'आपले नम्र' म्हणून जी फौज असते, तिच्यातली दहा माणसं स्वतःपासून मोजून काढा. रोज एकच डाव, पाऊण तासाच्या वर नको. नाही सुटलं तर वही मिटा. सकाळी दात घासताना सुटतं.

मग आपला वंश काढा, पण माझ्यासारखी चूक करू नका. माझ्या आजोबांच्या दोन बायका, दोघी सख्ख्या बहिणी. दुसरं लग्न १९२५ सालचं. द्विभार्या प्रतिबंधक कायदा मुंबई इलाख्यात १९४६ ला आला, त्यामुळे त्यात काही बेकायदा नव्हतं. थोरलीला एक मुलगी, धाकटीला माझे वडील आणि काका. मी तक्ता सुबक काढला आणि हौसेने भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. रात्री साडेनऊला आतेभावाचा फोन. "माझ्या आजीच्या नावावर काट मारलीस?" तलाठ्याने काट मारली म्हणजे नाव कमी केलं, असा त्याचा सरळ हिशेब. ती मयताची खूण आहे, तुझ्या आजोबांवरही आहे, माझ्या आजीवरही आहे, हे पटवायला मला पाऊण तास लागला. तक्ता घरातच ठेवा.

त्या भांडणातून एक चांगलं कोडं मात्र हाती लागलं. त्या आत्याला आम्ही अक्का म्हणायचो. बापाकडून मोजलं तर ती वडिलांची सावत्र बहीण. आईकडून मोजलं तर मावसबहीण. अनेक बायकांच्या घरात हेच होतं, एका माणसाकडे दोन वाटांनी जाता येतं आणि दोन्ही खऱ्या असतात. तेव्हा नियम असा, की एक वाट सापडली म्हणून पेन्सिल खाली ठेवायची नाही.

आता भाषेकडे वळा. इंग्रजीत सगळे 'कझिन' या एकाच शब्दात उरकतात. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस अशी चार खाती. अमेरिकेतले इरोक्वा नावाचे मूळ रहिवासी तिसरंच करतात. काकाला ते बापच म्हणतात, मावशीला आईच, त्यामुळे चुलत आणि मावस ही सख्खी भावंडं होतात आणि आते-मामे वेगळे राहतात. लुइस हेन्री मॉर्गन नावाच्या वकिलाने जगभरची अशी नात्यांची नावं जमवून १८७१ मध्ये मोठा ग्रंथ काढला. त्याच पत्रिकेतली माणसं आता इरोक्वा पद्धतीने हाका मारून पाहा. मला माझ्या काकांना बाप म्हणताना जीभ अडखळली. डोकं खरंच कामाला लागल्याची ती खूण.

पण या भागातलं सगळ्यात गोड कोडं आपल्याच घरात आहे. जुन्या सुना सासऱ्याला मामंजी म्हणायच्या, सासूला आत्याबाई. मुलाने मामाची मुलगी करायची आपल्याकडे रीत, त्यामुळे तिला सासू म्हणजे सख्खी आत्या. इथवर ठीक. पण आत्याचा नवरा मामा कसा? काढून बघा. आत्याने आईच्याच भावाशी लग्न केलेलं असेल, म्हणजे मागच्या पिढीत दोन घरांत साटंलोटं झालेलं असेल, तरच दोन्ही शब्द एकदम खरे ठरतात. मला हे सुटायला दोन दिवस लागले. मग कानडीकडे पाहिलं. तिथे मामा आणि सासरा दोघंही 'मावा', आत्या आणि सासू दोघीही 'अत्ते'. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या त्यांच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा धरलाय. मामंजी म्हणताना सून अर्धी दक्षिणेत उभी असते, तिला पत्ता नसतो.

एवढं झालं की बहुविवाहाला हात घाला. अनेक बायकांचे तक्ते नोकरीत पुष्कळ पाहिले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंतरचं दुसरं लग्न असेल तर ती बाई वारस नाही, तिची मुलं मात्र बापाच्या मिळकतीत वारस. चावडीत हे समजावताना घाम फुटायचा. अनेक नवऱ्यांचा तक्ता मात्र कधी समोर आला नव्हता.

सुरुवात द्रौपदीपासून करा, कथा पाठ असल्याने नावं शोधावी लागत नाहीत. अर्जुन तिचा नवरा आणि भीमाकडून मोजला तर दीर. सुभद्रा अर्जुनाकडून सवत, भीमाकडून जाऊ. शिवाय सुभद्रा वसुदेवाची लेक आणि वसुदेव कुंतीचा भाऊ, म्हणजे अर्जुनाने मामाची मुलगी केली आणि कुंती सुभद्रेला शब्दशः आत्याबाई. मी हे तीन पानं भरून काढलं. आमची ही लसूण सोलत होती, तिने ते सगळं मान वर न करता सांगितलं. बायकांना ही गणितं लग्नात मानपानाच्या साड्या मोजतानाच येतात.

मग निलगिरीतले तोडा आदिवासी. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज संशोधकाचा त्यांच्यावरचा ग्रंथ १९०६ चा. तेव्हा त्यांच्यात एका बाईचे अनेक नवरे असायचे, बहुधा भाऊभाऊ. मग बाप कोण? गरोदरपणात सातव्या महिन्याच्या सुमारास एक नवरा तिला लहानसं धनुष्यबाण द्यायचा, तो बाप. पुढची मुलंही त्याचीच, दुसऱ्या कुणी धनुष्य देईपर्यंत. मधल्या काळात तो मेला तरी मुलं त्याच्याच नावावर. मला तर हा सातबाऱ्यावरचा फेरफारच वाटला. नवी नोंद मंजूर होईपर्यंत जुनी चालू. तक्त्यात मी बरोबरच्या चिन्हावर बारीक धनुष्य काढतो, नाहीतर कोण कुणाचा हे दुसऱ्या दिवशी लागत नाही.

दक्षिण सुदानचे न्यूअर लोक याच्याही पुढे. तिथे बिनवारस मेलेल्या भावाच्या नावाने धाकटा लग्न करतो आणि मुलं मेलेल्याची धरतात. म्हणजे काट मारलेल्या त्रिकोणाखाली नवी मुलं लिहायची. करून पाहा, हात थबकतो.

मी सगळ्यात जास्त रमलो ते तिबेटात आणि देहरादून जिल्ह्यातल्या जौनसार-बावरमध्ये. तिथे भावांत एकच बायको करायची चाल होती. ऐकणारे हसतात, मी हसत नाही. एका सर्व्हे नंबरचे तीन भावांत तीन पोटहिस्से, पुढच्या पिढीत नऊ, आणि शेवटी औताला वळायला जागा नाही, हे मी माझ्या हाताने लिहिलंय. तिथे तीन भावांचं एकच घर, एकच चूल, मुलं सगळ्यांची, वावर अखंड. माझ्या तलाठी सज्जातला एक जुना तक्ता मी नावं बदलून तिबेटी पद्धतीने मांडला. चौदा खातेदारांचे दोन झाले. पण मग दुसरी बाजूही मोजायची, पुस्तकं वाचतानाही ती विसरू नका. एका घरात तीन भावांना एक बायको, तर उरलेल्या मुली कुठे गेल्या? कितीजणी बिनलग्नाच्या राहिल्या? तक्त्यावर त्यांची वर्तुळं कडेला काढून ठेवा, बरोबरचं चिन्ह न लावता. पान वेगळंच दिसायला लागतं.

सध्या वहीत एक जुनंच कोडं उघडं आहे. युधिष्ठिर-द्रौपदीचा मुलगा प्रतिविंध्य आणि अर्जुन-सुभद्रेचा अभिमन्यू एकमेकांचे कोण? मला तीन वाटा सापडल्या. बापांकडून चुलत, द्रौपदीकडून सावत्र, आणि कुंतीच्या माहेरून आतेभावाचा मुलगा आणि मामेबहिणीचा मुलगा. ही म्हणते, चौथी आहे. सांगत नाही.