कुतचा वेढा आणि दगडी जातं : हौशी नाटकात नव्यानं येणाऱ्यांसाठी

साताऱ्यात सैनिकांवर नाटक बसवायचं तर विषय शोधत लांब जावं लागत नाही. शेजारच्या अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आमच्या हौशी ग्रुपनं घेतलेलं नाटक त्याच काळातलं, मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याचं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ मराठा पलटणी आत अडकलेल्या, घोड्या-खेचरांच्या मांसावर दिवस काढण्याची पाळी आलेली, आणि इकडे गावात बाया वाट बघतायत.

नवीन पोरांना आधी सैनिकच व्हायचं असतं. व्हा, पण एखादा निवृत्त फौजी तालमीला बोलवा. उभं राहणं, वळणं, बंदूक धरणं त्याच्याकडूनच शिकावं. पायाच्या पट्ट्या पायदळात घोट्यापासून वर गुंडाळतात, घोडदळात उलट्या. दोन प्रवेशांमधल्या ब्लॅकआउटमध्ये त्या बांधून होत नाहीत, म्हणून सैनिकाचा घरातला प्रवेश त्याच्या रणांगणावरच्या प्रवेशाला लागून ठेवू नका.

खरा कस बायकांच्या भूमिकांत लागतो. नवीन मुलगी पहिल्याच वाचनाला रडते आणि सगळे वा वा करतात. मला ते पटत नाही. त्या बाईला रडायला सवड कुठे होती? शेत, जनावरं, सासू, पोरं. पत्र आलं तरी ते सासऱ्याच्या नावानं, वाचणार मास्तर, आणि ही दाराआड उभी. तिच्यासाठी वेगळी ओळ त्यात नसतेच. वेढा पडल्यावर तर पत्रंच थांबली, आणि शरणागतीनंतर हजारो जण कैदेत गेले. नवरा जिवंत आहे की नाही हे कळायची सोय नाही, म्हणजे कुंकू लावायचं की पुसायचं, हाही प्रश्नच.

म्हणून आम्ही तिच्या हाताला काम दिलं. थर्माकोलचं जातं आणलं होतं, ते एका बोटानं फिरायचं. मग कुणाच्या तरी घरून दगडी जातं आणलं. उजव्या हातानं खुंटा ओढायचा, डाव्या हातानं मूठमूठ वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घालायची. जातं जड आलं की वाक्य आपोआप मध्येच तुटायचं आणि दम घेऊन पुढे जायचं. तो तुटलेपणा दिग्दर्शकानं सांगून येत नाही. संवाद पाठ झाले की लगेच असं काम हातात घ्या, रंगीत तालमीची वाट बघू नका.

प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सरकारी सेन्सॉरकडे, पाठवावी लागते, ते काम आधीच उरका. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणार असाल तर नेपथ्य लावायला वेळ मोजून मिळतो. जातं उचलायला दोन दांडगी पोरं नेमून ठेवा आणि त्याखाली पोतं घाला, नाहीतर रंगमंचाच्या फळ्यांवर ओरखडे उठतात आणि नाट्यगृहाचा माणूस सगळ्यांदेखत हजेरी घेतो.