पॉइंट टू-टू लाँग रायफल: एका लहान काडतुसाच्या सोबतीत शिकलेले

नेमबाजी शिकू इच्छिणारे तरुण पहिल्याच दिवशी बहुधा मोठ्या काडतुसांविषयी विचारतात. मी त्यांच्या तळहातावर पॉइंट टू-टू लाँग रायफल नावाचे, म्हणजे सुमारे 0.22 इंच व्यासाच्या गोळीचे, एक काडतूस ठेवतो. त्याची एकूण लांबी जेमतेम 25 मिलिमीटर असते. पितळेच्या कवचावर शिशाची उघडी गोळी बसवलेली असते आणि तिच्यावरचे मेण बोटांना हलकेच चिकटते. आधी स्पर्धक म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून माझे बहुतेक आयुष्य याच काडतुसाच्या संगतीत गेले. पहिली काही वर्षे त्याला सोडू नका, असे मी प्रत्येक नवोदिताला आग्रहाने सांगतो.

हे काडतूस 1887 साली अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने तयार केले. आधीपासून प्रचारात असलेल्या ‘लाँग’ काडतुसाच्या कवचात 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम वजनाची गोळी बसवून ते घडले. तेव्हाची काळी दारू जाऊन धूरविरहित दारू आली. मूळ बांधणी मात्र तीच राहिली. सशासारख्या लहान सावजासाठी ते आजही वापरले जाते, ऑलिंपिकमधील 50 मीटर रायफल प्रकार त्यावरच खेळला जातो आणि बायथलॉन या स्कीइंग आणि नेमबाजीच्या जोडखेळानेही 1978 पासून मोठी काडतुसे सोडून हेच स्वीकारले.

त्याची रचना समजून घेणे हा अभ्यासाचा पहिला धडा मानावा. यात ठिणगी देणारी वेगळी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण कवचाच्या बुडाशी असलेल्या कडेच्या आतल्या पोकळीत भरलेले असते आणि फायरिंग पिन, म्हणजे चाप ओढल्यावर आदळणारी रायफलीतली खीळ, ती कड चेपते तेव्हा ते पेटते. एकदा चेपलेले कवच घरी पुन्हा भरून वापरता येत नाही. मोठ्या काडतुसांचे नेमबाज स्वतः दारू मोजून काडतुसे भरतात, तसा पर्याय आपल्याला नसतो. कारखान्यातून आलेल्या लॉटमधून, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या काडतुसांच्या खेपांमधून, आपल्या नळीला मानवणारा लॉट शोधणे एवढेच आपल्या हाती उरते.

हा धडा मी उशिरा शिकलो. एका ज्येष्ठ नेमबाजाने ज्या काडतुसांवर स्पर्धा जिंकली, तीच महागडी काडतुसे मी साठवलेले सगळे पैसे खर्चून घेतली. माझ्या रायफलीत मात्र त्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर उमटलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, सैल पडत राहिला. नंतर वारा नसलेल्या सकाळी रायफल टेकवून चार वेगवेगळ्या लॉटच्या प्रत्येकी चाळीस गोळ्या झाडल्या, तेव्हा सर्वांत घट्ट ग्रुप तुलनेने स्वस्त काडतुसांचा आला. चाचणी करताना एक पथ्य पाळावे: काडतूस बदलल्यावर नळीत आधीच्या मेणाचा थर असतो, म्हणून पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नयेत.

वेगाचा मोहही असाच फसवा आहे. स्पर्धेच्या काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण 320 ते 330 मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित हळू निघते, आणि हे मुद्दाम केलेले असते. जास्त वेगाची गोळी ध्वनीचा वेग ओलांडून निघते, हवेच्या वाढत्या रोधामुळे झपाट्याने मंदावते आणि त्यामुळे आडवा वारा तिला संथ गोळीपेक्षाही अधिक ढकलतो. हे मला प्रथम सांगितले गेले तेव्हा पटले नव्हते; वाऱ्याच्या दिवशी दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी झाडून पाहिले, मगच पटले.

गोळी संथ असल्यामुळे चाप सुटल्यानंतरही ती नळीत तुलनेने अधिक काळ असते, आणि तेवढ्या अवधीत नेमबाजाने केलेली हालचाल लक्ष्यावर उमटते. 50 मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटरचे आहे. गोळी कुठे लागली हे पाहण्यासाठी मान उचलण्याची माझी सवय मोडायला एक अख्खा हंगाम गेला. झटका जवळजवळ नसल्याने चूक स्वतःचीच आहे हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

लहान आहे म्हणून या काडतुसाला कमी लेखू नये. त्याची गोळी दीड किलोमीटरपेक्षाही दूर जाऊ शकते, त्यामुळे लक्ष्यामागे मातीचा भक्कम बांध हवाच. काडतूस पेटले नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, उघडावा. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

झाडलेली कवचेही टाकून देण्याआधी पाहावीत. एका वर्षी माझे ग्रुप उभे लांबत चालले होते आणि मी दोन महिने श्वासाला व पवित्र्याला दोष देत राहिलो. शेवटी भिंगाखाली कवचांची बुडे पाहिली, तेव्हा पिनेची खूण काहींवर खोल आणि काहींवर उथळ दिसली. फायरिंग पिनेची स्प्रिंग थकली होती. प्रत्येक काडतूस सारख्या जोराने पेटत नव्हते, म्हणून वेग कमी-जास्त होत होता. स्प्रिंग बदलली आणि त्याच लॉटचा ग्रुप पुन्हा गोल पडू लागला.