उजळणारा रोलिंग ट्रे घरी कसा करावा (आणि टर्नटेबल उलटं कसं छापू नये)

सोलापुरात आमच्या वाड्यात दुपारी चार-पाच बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. सुपाच्या एका कडेला कापलेली तेंदूची पानं, मधे तंबाखू, बाजूला दोऱ्याचं रीळ. गप्पा चालू, हात चालू, आणि तंबाखूचा कण खाली सांडत नसे. न्यू यॉर्कला साइनबोर्डच्या दुकानात नोकरीला लागले आणि पहिल्यांदा कुणीतरी ‘रोलिंग ट्रे’ म्हणालं, तेव्हा दोन मिनिटांत कळलं की हे सूपच आहे. फक्त कडा चारी बाजूंनी उभ्या, तळाला चित्र, आणि हल्ली चित्राखाली दिवे.

हा ट्रे मी नवऱ्याच्या मित्रासाठी केला. तो न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात लग्नाबिग्नाला रेकॉर्ड वाजवतो, सिगारेट स्वतः वळतो, कधी कधी सिगारेटखेरीज दुसरंही. न्यू यॉर्क राज्यात २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला ते कायद्याने चालतं. भारतात गांजा हा १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा वाचणाऱ्याने आपला देश पाहून काय ते ठरवावं. मी ओढत नाही. स्वतःसाठी केलेल्या ट्रेमध्ये माझ्या किल्ल्या, चष्मा आणि आजीचा अडकित्ता असतो.

सगळे आधी दिव्यांकडे धावतात. आधी फोटो ठरवा. मागून उजेड येणार असेल तर फोटोचा स्वभावच बदलतो, आणि भिंतीवर सुंदर दिसणारा फोटो ट्रेमध्ये भकास दिसू शकतो. माझा नियम सोपा आहे: फोटोत जे पांढरं, तिथे ट्यूबलाइट. मोकळं आभाळ असलेला फोटो घेतलात तर आभाळ डोळ्यांत घुसेल आणि खालची माणसं काळवंडतील. म्हणून रस्त्यावर भर उन्हात काढलेले फोटो अवघड, आणि अंधारात फ्लॅश मारून काढलेले सोपे. मित्र डीजे, म्हणून मी हिप-हॉपचे फोटो पाहत होते. फोटोग्राफर जो कॉन्झोने न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या हिप-हॉप पार्ट्यांचे जे कृष्णधवल फोटो काढले, ते पाहा. मागे काळोख, पुढे घामेजलेले चेहरे आणि हातातला माइक. मागून उजेड दिला की फक्त माणसं उजळतील. हेन्री चॅलफंटचे रंगवलेल्या सबवे गाड्यांचे फोटोही चालतील, कारण डबा चौकट भरून टाकतो आणि आभाळाला जागाच उरत नाही. बॅरन क्लेबोर्नने १९९७ च्या मार्चमध्ये, खून होण्याच्या काही दिवस आधी, रॅपर नोटोरियस बी.आय.जी.चा मुकुट घातलेला फोटो काढला. त्यातली मागची लाल पार्श्वभूमी तर दिव्यासाठीच केल्यासारखी आहे.

पण यातला एकही मी छापलेला नाही, आणि तुम्हीही छापू नका. हे फोटो जुने वाटले तरी ‘पब्लिक’ झालेले नाहीत. अमेरिकेत साधारणपणे फोटोग्राफर असेपर्यंत आणि त्यानंतर सत्तर वर्षं हक्क राहतो. पुस्तक विकत घेतलं, प्रिंट विकत घेतली, म्हणजे तिची नक्कल काढायचा परवाना मिळाला असं नाही. क्लेबोर्नच्या फोटोतला तो प्लास्टिकचा मुकुट २०२० साली सदबीजच्या लिलावात ५,९४,७५० डॉलरना गेला. नुसत्या मुकुटाची ही किंमत, मग फोटोकडे त्याचे मालक किती बारीक लक्ष ठेवत असतील याचा अंदाज करा. पाच-पन्नास ट्रे करून विकायचे असतील तर फोटोग्राफरशी किंवा त्याच्या एजन्सीशी लेखी करार करा, आणि फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्याचा हक्क वेगळा असतो हेही त्यात विचारा. आमच्या दुकानात अशी ऑर्डर आली की मी पहिला प्रश्न हाच विचारते. अर्धे लोक तिथूनच परत जातात.

एकच ट्रे हवा असेल तर फोटो स्वतः काढा. मी आधी एका रविवारी ब्रॉन्क्सला १५२० सेजविक अॅव्हेन्यूला गेले. ११ ऑगस्ट १९७३ ला याच इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या आणि हिप-हॉपची गोष्ट तिथून सुरू झाली असं मानतात. इमारत इतकी साधी आहे की आमच्या सोलापुरातली हाउसिंग सोसायटी वाटावी. फोटो काढला, घरी येऊन मोबाइलवर पाहिला: वर निम्मं आभाळ. ट्यूबलाइट! सोडून दिला.

मग मित्राच्या घरी रात्री खोलीतले दिवे घालवून त्याच्या टेक्निक्स एसएल-१२०० चा, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलचा, फोटो काढला. बाजूने टॉर्च धरला. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या तबकडीच्या, कडेला ठिपक्यांच्या ओळी असतात, त्यांवर पडणारा वेग तपासायचा छोटा लाल स्ट्रोबचा दिवा, रेकॉर्डच्या रेषांवर एक तिरपी चमक, बाकी सगळं काळं. मागून उजळायला यापेक्षा चांगला फोटो नाही. अकरा बाय सात इंचाच्या ट्रेला ३०० डीपीआयने (इंचाला तीनशे ठिपके) ३३०० बाय २१०० पिक्सेल लागतात, म्हणजे साध्या बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो पुरतो. व्हॉट्सअॅपवरून साध्या फोटोसारखा पाठवलेला मात्र चालत नाही, तो आकसलेला असतो.

आता छपाई. साध्या फोटो-पेपरची प्रिंट दिव्यावर ठेवाल तर ती धुऊन काढल्यासारखी फिकी दिसेल. कारण असं: एरवी खोलीतला उजेड शाईतून आत जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा शाईतून बाहेर येतो. म्हणजे शाईतून दोनदा जातो. मागून आलेला उजेड एकदाच जातो, म्हणून काळ्याचा राखाडी होतो. यावर उपाय म्हणजे बॅकलिट फिल्म, मागून उजेड द्यायसाठीच केलेली प्लास्टिकची फिल्म. ग्लो-साइन करणाऱ्या कुठल्याही दुकानात ती असते आणि तिच्यावर शाई जास्त टाकतात. दुकानात ‘बॅकलिटवर हवंय, शाई डबल मारा’ एवढं सांगितलं तरी समजतं. घरच्या घरी करायचं तर एकच फोटो दोन ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर) छापून एकावर एक तंतोतंत बसवा आणि खाली बटर पेपर घाला. काम भागतं, पण रेषा जुळवताना जीव जातो.

मोठी प्रिंट काढण्याआधी फोटोची दोन बोटं रुंद पट्टी छापून घ्या. मोबाइलवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण करा, पट्टी त्यावर ठेवा आणि खोलीत अंधार करा. काळं खरंच काळं दिसतंय का? लाल रंग गुलाबी तर झाला नाही? मला पहिल्या पट्टीनंतर मधल्या छटा बऱ्याच गडद कराव्या लागल्या. कॉम्प्युटरवर फोटो मग विचित्र काळपट दिसतो, पण तिकडे बघायचंच नाही, पट्टीवर विश्वास ठेवायचा.

आणि आता माझी शोभा. बॅकलिट फिल्म दोन प्रकारची असते: एकीवर पुढून छापतात, दुसरीवर मागून, आणि मागून छापायचं तर फाइल आरशासारखी उलटी करून द्यावी लागते. मी हे काम रोज करते. तरी घरचं काम म्हणून गडबडीत फाइल सरळ पाठवली. प्रिंट झकास आली, मीही खुश. मित्राला दाखवली तर तो दोन सेकंद बघत राहिला आणि म्हणाला, ‘टोनआर्म डावीकडे कधीपासून?’ एसएल-१२०० ची सुईची दांडी उजवीकडे असते आणि वेग कमीजास्त करायची पट्टीही उजवीकडे. डीजेला हे डोळे मिटूनही चुकीचं दिसेल. तेव्हा छापणाऱ्याला विचारा, ‘पुढून की मागून?’ आणि फोटोत अक्षर किंवा ओळखीचं यंत्र असेल तर दोनदा विचारा.

दिव्यांचं पहिल्यांदा मी दुकानी पद्धतीने केलं. पंधरा मिलिमीटर खोल डबा, आतल्या चारी भिंतींना पाच व्होल्टची एलईडी पट्टी, वर दुधी अॅक्रिलिक. कडा लखलखीत आणि मधोमध अंधार, म्हणजे नेमका टर्नटेबलचा मधला भाग गायब. पट्ट्या तळाला ओळीने लावल्या तर डबा जाड करावा लागतो, नाहीतर एकेक दिव्याचा ठिपका वर दिसतो. दिवा आणि दुधी पत्रा यांच्यातलं अंतर निदान दोन दिव्यांमधल्या अंतराएवढं तरी हवं. मीटरला साठ दिव्यांची पट्टी असेल तर हे जवळपास सतरा मिलिमीटर झालं. मांडीवर ठेवायच्या ट्रेला एवढी जाडी कोण देणार?

मग अक्कल आली आणि चित्रकलेच्या दुकानातून ए-फोर आकाराचा एलईडी ट्रेसिंग पॅड आणला. अठरा डॉलर. पुण्या-मुंबईत आर्टच्या मुलांना हा माहीत असतो. जेमतेम पाच मिलिमीटर जाड, कडेने दिवे आणि आत उजेड सारखा पसरवणारा पत्रा, यूएसबीवर चालतो, उजेड कमी-जास्त करायचं बटण त्यातच. सोल्डरिंग नाही, वायरचा गुंता नाही. फक्त उजळणारा भाग पट्टीने स्वतः मोजा आणि फिल्म त्याच मापाची कापा. बहुतेक पॅड थंड पांढरे असतात. कृष्णधवल फोटोला ते ठीक, पण माणसाची कातडी निळसर दिसते, म्हणून फाइलमध्येच थोडा पिवळा वाढवा.

वर काय ठेवायचं, इथे बरेच जण चुकतात. अॅक्रिलिक स्वस्त आणि हलकं, पण ट्रे वापरणारा माणूस चिकट डाग काढायला हमखास आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतो. लेसरने कापलेल्या अॅक्रिलिकच्या कडांना अल्कोहोल लागलं की केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि दिवा लावला की सगळ्या चमकतात. म्हणून वर टफन्ड काच (तापवून मजबूत केलेली), चार मिलिमीटर. ती टफन केल्यावर कापता येत नाही, तेव्हा माप देताना घाई नको. ए-फोरच्या मापाची काच सहाशे ग्रॅमच्या वर जाते. ट्रे जड होतो, पण मांडीवरून सरकत नाही.

फिल्म काचेला घट्ट चिकटली तर मधेच ओल्यासारखे डाग दिसतात. फिल्मच्या चारी कडांवर पातळ दुहेरी टेपची पट्टी लावा, काच त्यावर बसवा, तेवढी फट पुरते. बसवण्याआधी धूळ ब्लोअरने उडवा. उजेडात एकेक कण तारा होऊन दिसतो. मी अंघोळ झाल्या झाल्या बाथरूममध्ये बसून हे काम केलं, कारण वाफेने धूळ खाली बसलेली असते. वाफ मात्र विरू द्या, नाहीतर काचेखाली दमटपणा कोंडेल.

कडेला वीस मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी, कोपरे पंचेचाळीस अंशात कापून. एका बाजूला वायरपुरती खाच. काच आणि लाकूड जिथे भेटतात तिथे सिलिकॉनची बारीक रेघ ओढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवा. कोपरा गोल होतो, तंबाखू अडकत नाही. बोट दुसऱ्यांदा फिरवायचा मोह आवरा, रेघ बिघडते. चोवीस तास हात लावू नका. खाली चार रबरी पाय.

पॉवर बँकेवर चालवणार असाल तर एक खोड लक्षात ठेवा: उजेड अगदी मंद केला की काही पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या आपोआप बंद पडतात. मित्राचा ट्रे दर थोड्या वेळाने विझायचा, तो मला फोन करून ‘तुझं सर्किट गेलं’ म्हणायचा. उजेड एक पायरी वाढवला, बरं झालं. जळती सिगारेट ट्रेमध्ये टेकवायची नाही, हे त्याला वेगळं सांगावं लागलं. काचेला काही होत नाही, पण खाली प्लास्टिकची फिल्म आणि प्लास्टिकचा पॅड आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. दिवा लावला, लाल ठिपका उजळला. तिने चष्मा पुढे ओढून पाहिलं आणि विचारलं, ‘सगळं छान आहे गं, पण पाखडायचं कसं?’