घरच्या घरी फिटनेस कसा तपासावा?

वजनकाटा वजन सांगतो, दम किती आहे ते नाही. दम, ताकद, स्नायूंचा टिकाव, लवचिकता आणि अंगातली चरबी या गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १०० मीटर पळणं आणि गोळाफेक यांचे गुण उगाच वेगळे देत नाहीत. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सकाळी चहाआधी, पडल्या पडल्याच मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. अंगठा वापरू नका, त्याचेच ठोके जाणवतात. साधारण ६० ते १०० ठीक. मग कंबर: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही! भारतीय पुरुषांनी ९० सेंमी आणि स्त्रियांनी ८० सेंमीच्या आत राहावं.

पाच मिनिटं चालून अंग गरम करा. लवचिकतेसाठी जमिनीवर बसून पाय समोर पसरा, पायांचे तळवे भिंतीला टेकवा आणि हळूहळू पुढे वाका. हाताची बोटं भिंतीपासून किती सेंमी लांब राहिली ते लिहा. इथे गुडघे हमखास उचलले जातात, म्हणून कुणाला तरी बघायला बसवा.

टिकावासाठी जोर मारा. पाठ वाकडी झाली की मोजणी थांबली. वयस्करांनी हात छातीशी दुमडून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजावं. साठ ते चौसष्ट वयात पुरुषांचा आकडा १४ च्या आणि स्त्रियांचा १२ च्या खाली गेला, तर पायांकडे लक्ष द्या. निव्वळ ताकद म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वजन उचलता येतं ते. ही चाचणी प्रशिक्षकाशिवाय नको.

दमाची चाचणी शेवटी, शक्यतो दुसऱ्या दिवशी. धावून आल्यावर बाकीचे आकडे खोटे येतात. अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेली रीत सोपी आहे: १२ मिनिटांत जमेल तेवढं अंतर धावायचं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर फेऱ्या मोजल्या की झालं. सवय नसेल तर सहा मिनिटं झपझप चालून अंतर मोजा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा.

सगळं तारखेसह वहीत लिहा. आठ आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच बुटांत पुन्हा मोजा. शेजाऱ्याचा आकडा विचारू नका.